रकान्याबाहेरचे सरोवर

कारकुनाला नदी भेटते ती रकान्यांतून. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात जलाशयाची पातळी, तिसऱ्यात आवक, चौथ्यात विसर्ग, आणि सर्वांत शेवटी, कागदाच्या उजव्या कडेला, 'शेरा' नावाचा एक रुंद रकाना. हा रकाना बहुधा कोराच राहतो. नदीविषयी शेरा मारण्याचा अधिकार आमच्या श्रेणीच्या माणसाला नसतो, आणि ज्यांना तो असतो त्यांना सवड नसते. अशा नदीला काठ नसतात, वाळवंट नसते, तिच्या पात्रात कोणी सूर्याला अर्घ्य देत उभा नसतो. ती सकाळी दहाच्या सुमारास टेबलावर येते, तिच्या बेरजा तपासल्या जातात, आणि सायंकाळी तिला फाइलीत बांधून ठेवण्यात येते.

महानदीशी माझी ओळख झाली ती अशीच. बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे केंद्र सरकारचा नोकर प्रथम नकाशा उघडतो आणि मग आगगाडीचे वेळापत्रक. भुवनेश्वर शोधताना नकाशावर त्याच्या नैर्ऋत्येस, समुद्राला अगदी खेटून असलेला एक निळा लांबट डाग दिसला. हाच तो 'चिल्का'! शाळेत भूगोलाच्या पेपरात एका गुणासाठी आम्ही त्याचे नाव पाठ केले होते, आणि तो एक गुण मिळताच त्याला विसरूनही गेलो होतो. इकडे त्याला 'चिलिका' म्हणतात, आणि ते नाव येथील माणसे ज्या स्वरात उच्चारतात त्यावरून ते एखाद्या सरोवराचे आहे की घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीचे, असा परक्या माणसाला भ्रम व्हावा.

पण चिलिकेकडे जाण्याआधी मला हिराकूडला गेले पाहिजे, कारण पाणीही त्याच क्रमाने जाते.

संबळपूरजवळचे हे धरण पाहायला मी गेलो तो सरकारी कामासाठी नव्हे, निव्वळ कौतुकाने. मुख्य धरण ४.८ किलोमीटर लांब. दोन्ही अंगांचे मातीचे बांध धरले तर ही लांबी पंचवीस किलोमीटरांच्या वर जाते. दोन टोकांना दोन मनोरे. मनोऱ्यावरून पाहिले की समोर जे पसरलेले दिसते त्याला जलाशय म्हणणे जिवावर येते. कोकणातल्या माणसाला तर तो समुद्रच वाटतो, फक्त खाऱ्या वाऱ्याचा वास तेवढा नाही. १९४८ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी येथे काँक्रीटचा पहिला थर घातला आणि १३ जानेवारी १९५७ रोजी त्यांच्याच हस्ते धरणाचे उद्घाटन झाले.

आपणां मराठी माणसांना अभिमान वाटावा असा एक धागा या धरणात गुंतलेला आहे, आणि तो इकडच्या मराठी मंडळींनाही फारसा ठाऊक नसतो. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओडिशाच्या नद्यांविषयी एक परिषद भरली होती. तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा श्रमखाते त्यांच्याकडे होते, आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्यात येत. त्यापूर्वीच्या कित्येक समित्यांनी महानदीच्या पुरावर जो उपाय सुचविला होता त्याचे सार एवढेच, की पाणी लवकरात लवकर आणि जवळच्या वाटेने समुद्राला पोचवावे. बाबासाहेबांनी ही दृष्टीच चुकीची ठरविली. अति पाणी हे संकट नव्हे, ते साठविले पाहिजे आणि त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशी अनेक कामे एकाच वेळी साधली पाहिजेत, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. १९३७ च्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांनीही जलाशयांचा विचार पुढे मांडला होताच. ज्या प्रांतात पूर आणि दुष्काळ आळीपाळीने माणसे मारीत होते, तेथे हा विचार किती मोठा होता हे आज धरणाच्या भिंतीवर उभे राहिले म्हणजे समजते.

ते समजत असतानाच माझ्या शेजारी उभे असलेले आमच्या कचेरीतले बडबाबू हात लांबवून पाण्याकडे दाखवीत म्हणाले, "आमचे गाव तिथे आहे." 'होते' असे ते म्हणाले नाहीत. जलाशयाखाली तीनशेच्या जवळपास गावे गेली आणि लाखावर माणसे उठली. बडबाबूंचे आजोबा त्यांपैकी एक. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही जुन्या देवळांची शिखरे वर येतात. बडबाबूंच्या वडिलांनी त्यांना लहानपणी एकदा नावेतून नेऊन आपल्या ग्रामदेवतेचे शिखर दाखविले होते. धरणाचा त्यांना राग नाही. त्यांचे दोघे काका पुढे बुर्ल्याच्या वीजकेंद्रात नोकरीस लागले. पण ओडिशात वीज कोठून येते असे कोणी विचारले की ते थोडा वेळ गप्प राहतात.

बुर्ल्याला पाणी एकदा वीज देते. तेथून एका कालव्याने वीस-बावीस किलोमीटर खाली चिपिलिमा येथे जाऊन पुन्हा एकदा वीज देते. 'चिपिलिमा' हे नाव प्रथम तक्त्यात वाचले तेव्हा मी दचकलोच; माझे गाव चिपळूण. नामसाम्य योगायोगाचे असले तरी दोन्ही गावांचे दैव थोडेसे सारखे आहे. कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून पोफळीला वीज देते आणि मग आमच्या वाशिष्ठीत येऊन पडते. आमच्या नदीला त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी असते, याचा आम्हांला लहानपणी अभिमान असे. २२ जुलै २०२१ रोजी तीच वाशिष्ठी आमच्या माडीच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन बसली. अतिवृष्टी किती, भरती किती आणि वरून सोडलेले पाणी किती, हा वाद तेव्हापासून आमच्याकडे चालू आहे. मी त्या वेळी भुवनेश्वरला होतो आणि आईचा आवाज दूरध्वनीवरून तुटक तुटक येत होता. पाणी 'सोडणे' हे क्रियापद मी कचेरीत रोज लिहितो. त्याला दुसरे टोक असते हे मला त्या दिवशी नीट कळले.

आता तक्त्याकडे वळू. मोठ्या जलाशयाचा कारभार ज्या सूत्राने चालतो त्याला 'रूल कर्व्ह' म्हणतात. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेस जलाशय किती भरलेला असावा, हे त्यात ठरवून दिलेले असते. हिराकूडला जुलैच्या आरंभी पाणी ५९० फुटांच्या आसपास, म्हणजे तळाशी असावे, आणि ऑक्टोबरच्या आरंभी ते ६३० फुटांस, म्हणजे काठोकाठ पोचावे, असा साधारण हिशेब. या चाळीस फुटांत सर्व भांडण साठलेले आहे. वीजवाल्याला पाणी उंच हवे, कारण जितके उंच तितकी त्याच पाण्यातून वीज अधिक. शिवाय जलविद्युत केंद्र काही मिनिटांत चालू होते, तेव्हा सायंकाळी शहरांत दिवे लागण्याच्या वेळी त्याच्यासारखा विश्वासू नोकर दुसरा नाही. शेतकऱ्याला रब्बीसाठी जलाशय भरलेला हवा. कारखान्यांना बारमाही पाणी हवे, आणि त्यावरून २००६-०७ साली हजारो शेतकरी याच धरणावर जमले होते. पूरनियंत्रण करणाऱ्याला मात्र जलाशय रिकामा हवा. भरलेल्या घागरीत पूर मावत नाही. एकाच भांड्याने भरलेलेही असावे आणि रिकामेही असावे, अशी ही मागणी आहे.

त्यात आणखी एक अडचण. हिराकूडच्या खाली महानदीला ओंग आणि तेल या मोठ्या उपनद्या मिळतात आणि त्यांच्यावर हिराकूडचा काहीच अंमल चालत नाही. धरणाचे पाणी कटकच्या डोक्यावर, नराजपर्यंत पोचायला सुमारे दीड दिवस लागतो. त्या दीड दिवसात तेल नदीच्या खोऱ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, तर वर दरवाजे उघडणाऱ्या अधिकाऱ्याची दशा काय होत असेल याची कल्पना करा. १९८२ आणि २००८ साली खोऱ्यात पंधरा लाख क्युसेकच्या वर पाणी आले. २०११ च्या सप्टेंबरातही मोठा पूर आला. या शेवटच्या दोन्ही पुरांनंतर जलाशय वेळेआधी फार भरून ठेवला होता काय, हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला.

हे सारे पक्षकार तक्त्यात कोठे ना कोठे आहेत. विजेचा रकाना आहे, कालव्यांचा आहे, कारखान्यांचा आहे, पुराचा तर आहेच. नराजच्या खाली काय होते ते मात्र मला कागदावरून कधीच समजले नसते.

नराजला महानदी दुभंगते. उजवीकडची शाखा काठजोडी. तिच्यापासून कुआखाई फुटते, आणि कुआखाईच्या पोटातून कुशभद्रा, भार्गवी आणि दया. कुशभद्रा सरळ समुद्रास मिळते. दया धौलीच्या टेकडीखालून वाहते. कलिंगयुद्धानंतर अशोकाने ज्या टेकडीवर आपले लेख कोरविले ती हीच. त्या नदीचे नाव 'दया' असावे हे मला कधीच जुने वाटत नाही. दया आणि भार्गवी पुढे चिलिकेच्या उत्तर अंगात उतरतात. हिराकूडला अडविलेल्या पाण्याचा एक भाग अशा रीतीने, तीन वेळा नाव बदलून, सरोवराला भेटतो.

चिलिकेचा विस्तार पावसाळ्यात साडेअकराशे चौरस किलोमीटरांच्या वर जातो आणि उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास येतो. एका बाजूने नद्यांचे गोडे पाणी, दुसऱ्या बाजूने वाळूच्या दांड्यातल्या मुखातून आत येणारे समुद्राचे खारे पाणी. भाद्रपदात उत्तरेकडचे पाणी पिण्याइतके गोडे लागते. फाल्गुनात तेच जिभेवर ठेववत नाही. सरोवराचे आरोग्य या येण्याजाण्यात आहे. पुराचा जोर मुखातली वाळू बाहेर ढकलतो. तो जोर उणा पडला की किनाऱ्याने सरकणारी वाळू मुख बुजवू लागते. मुख बुजले की खारेपण घटते, पाणी तुंबते, पाणवनस्पती आणि नळगवत माजते, आणि मासळीची समुद्रातून ये-जा थांबते. उलट गोडे पाणी फार कमी आले तर समुद्र आत चढून बसतो. खइंगा नावाचा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो आणि त्याची पिले परत सरोवरात येतात; कोळंबीची पिले गोड्या पाण्याची चाहूल घेत मुखातून आत शिरतात. नलबन नावाचे बेट पावसाळ्यात बुडते आणि पाणी ओसरले की कार्तिक-मार्गशीर्षात वर येते. त्या चिखलावर उत्तरेकडून आलेले पक्षी उतरतात. अलीकडच्या गणनांत साऱ्या सरोवरावरील पक्ष्यांची संख्या दहा लाखांच्या घरात भरली आहे. बेट वेळेवर बुडाले नाही किंवा वेळेवर उघडे पडले नाही, तर इतक्या पाहुण्यांनी उतरावे कोठे?

हे ज्ञान मला पुस्तकांपेक्षा अधिक एका केवटाकडून मिळाले. सरोवराच्या उत्तर काठावरच्या एका गावात ते राहतात. आमच्या कचेरीतल्या शिपायाचे ते नात्यातले. तो त्यांना 'मौसा' म्हणतो म्हणून मीही मौसा म्हणतो, आणि ते मला 'बाबू' म्हणतात. वयाने ते माझ्या वडिलांएवढे. आमच्या घरी येताना ते केळीच्या पानात गुंडाळून मासळी आणतात, आणि मासळी स्वच्छ करण्याच्या बाबतीत माझ्या पत्नीचे व त्यांचे एकदा जे मतभेद झाले ते मालवणी व उडिया अशा दोन भाषांत होऊनही दोघांना पूर्णपणे समजले.

मौसांनी सरोवराची दोन्ही रूपे पाहिली आहेत. त्यांच्या तरुणपणी मुख दूर सरकत गेले होते. समुद्राकडे जाणारी वाट लांब आणि उथळ झाली होती. त्यांच्या बाजूला गवत इतके माजले की नाव ढकलताना वल्ह्याऐवजी कोयत्याचे काम पडे. शतकाच्या अखेरीस साऱ्या सरोवराची मासळी वर्षाला दोन हजार टनांच्याही खाली आली. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत चिलिकेचे नाव १९८१ सालीच लागले होते. १९९३ साली ते धोक्यात आलेल्या स्थळांच्या यादीतही लागले. त्याच सुमारास मौसांचा थोरला मुलगा सुरतेस मागावर कामाला गेला. गंजाम जिल्ह्यातील कित्येक घरांतली मुले आधीपासून तेथे होतीच. मासा गेला की माणूस जातो, असे मौसा म्हणतात.

२३ सप्टेंबर २००० रोजी सरोवराच्या विकासासाठी नेमलेल्या संस्थेने वाळूचा दांडा कापून समुद्राकडे नवे मुख उघडले आणि समुद्राची वाट सुमारे अठरा किलोमीटरांनी जवळ आली. त्यानंतर जे झाले त्याला चमत्कार म्हणण्याचा मोह होतो. पण पाण्याला वाट मिळाली म्हणजे पाणी आपले काम करते, एवढेच ते होते. गवत हटले, खारेपण परतले, आणि काही वर्षांतच मासळी दहा हजार टनांच्या वर गेली. २००२ साली धोक्याच्या यादीतून चिलिकेचे नाव निघाले. इरावती जातीचे डॉल्फिन आज तेथे दीडशेच्या आसपास आहेत. पण सुरतेस गेलेला मुलगा परतला नाही. तोपर्यंत त्याचा संसार तिकडे रुजला होता.

मुख उघडून निम्मे काम झाले. समुद्र आपला वाटा न मागता देतो. नदीचा वाटा मात्र माणसांच्या हातात आहे. नराजला एकोणिसाव्या शतकातला जुना बांध होता. त्याच्या जागी या शतकाच्या आरंभी दरवाजांचा नवा बंधारा झाला, तेव्हा सरोवराला किती पाणी आणि कोणत्या महिन्यात मिळावे, याचा प्रथमच पद्धतशीर अभ्यास झाला. कालवे, वीज आणि पूर यांच्या पंगतीत सरोवराला निदान पाट मांडून मिळाला, हे लहानसहान पाऊल नव्हते. तथापि पाट मांडणे निराळे आणि पान वाढणे निराळे, हे पंगतीत बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता या प्रकरणातील खरी अडचण सांगतो. मौसांची धाकटी मुलगी दयेच्या काठी, कणासच्या बाजूला दिली आहे. जावई शेतकरी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महानदीला पूर आला तेव्हा मौसांचा निरोप आला की यंदा पाणी चांगले आले, मुखातून लोंढा गेला, कार्तिकात मासळी बरी मिळेल. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी नातवंडांना घेऊन माहेरी आली. शेतात कमरेइतके पाणी होते आणि लावलेले रोप कुजले होते. एकाच पुराने बापाच्या जाळ्यात घातले आणि लेकीच्या ताटातले काढून घेतले. मी भेटायला गेलो तेव्हा जावई ओट्यावर बसला होता. त्याने मला सरळ विचारले, "बाबू, तुमच्या कागदावर आधीच कळते ना? मग थोडे थोडे का सोडत नाहीत?" मौसा जाळे विणीत होते. ते मान वर न करता म्हणाले, "थोडे थोडेच पाहिजे. आम्हांलाही."

प्रश्न सोपा होता आणि तो मला बरेच दिवस पुरला. धरण होण्यापूर्वी नदी प्रत्येक पावसाळ्यात लहान-मोठे अनेक पूर आणी. धरण लहान आणि मध्यम पूर पुरते गिळून टाकते. खरोखरीचा मोठा पूर त्याला गिळता येत नाही, विशेषतः तो सप्टेंबरात, जलाशय भरत आल्यावर आला तर. म्हणजे जो पूर बांधांच्या आतून वाहून सरोवर धुऊन काढील आणि शेताला इजा करणार नाही, तोच आपण अडवितो. आणि जो शेते बुडवितो तो आपल्याला टाळता येत नाही. सासरा आणि जावई दोघांच्याही वाट्याला त्यामुळे नको तेच येते.

उपाय कागदावर अवघड नाही. जुलै-ऑगस्टात जलाशय भरण्याची घाई थोडी कमी करावी. आवक चांगली असताना मधूनमधून, दयेचे बांध सोसतील एवढाच एक लोंढा ठरवून खाली सोडावा. त्यामुळे सप्टेंबरातल्या मोठ्या पुरासाठी भांड्यात जागाही राहील. पण याची किंमत आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. जलाशयाची पातळी खाली राहिली तितके दिवस त्याच पाण्यातून वीज कमी मिळणार. आणि सप्टेंबराचा पाऊस रुसला, तर जलाशय भरणारच नाही. मग संबळपूर-बरगढच्या रब्बी शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे? पर्जन्याचा अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा येतो, परंतु दरवाजा उघडण्याच्या हुकमावर जो सही करतो त्याला 'अंदाज' हा शब्द फार हलका वाटतो. पाऊस पडला नाही तर जाब त्यालाच विचारला जाईल. सरोवर बिघडले तर कोणालाच विचारला जाणार नाही, कारण ते एका दिवसात बिघडत नाही.

त्यातच गाळाने हिराकूडची साठवण बरीच घटली आहे आणि वरच्या अंगाला छत्तीसगडात नवे बंधारे झाले आहेत. दोन राज्यांचा हा तंटा २०१८ साली नेमलेल्या लवादापुढे गेला. राज्ये आपापल्या शेतांसाठी आणि कारखान्यांसाठी वकील देतात; सरोवराचे वकीलपत्र कोणी घ्यावयाचे? अन्सुपा नावाचे एक घोड्याच्या नालासारखे गोड्या पाण्याचे सरोवर महानदीच्या डाव्या तीरावर आहे. तेही नदीशी असलेल्या आपल्या नाल्यावर जगते. २०२१ साली त्याचे नाव रामसर यादीत गेले, आणि खुद्द हिराकूडच्या जलाशयाचेही गेले. मानाची पाने तिघांनाही मिळाली. पाणी मात्र एकच आहे.

कटकच्या त्या परिषदेचा मला पुनःपुन्हा विचार येतो. पाणी समुद्रात लोटून देणे हा उपाय नव्हे, हे तेव्हा सांगणे आवश्यक होते, आणि ते ज्या अधिकारवाणीने सांगितले गेले तिच्यामुळे लाखो एकर जमीन भिजली. पण पुढे आम्ही कचेरीतल्या लोकांनी त्या विचाराचे एक आळशी वाक्य करून टाकले: 'समुद्रात वाया जाणारे पाणी'. टिप्पणीत हे शब्द मी स्वतः किती वेळा वाचले असतील त्याची गणती नाही. चिलिकेच्या वाटेने समुद्राला जाणारे पाणी जाता जाता मुख उघडे ठेवते, गवताला आवरते, पिलांना वाट दाखविते, नलबन बुडविते आणि दीड-दोन लाख माणसांच्या चुली पेटत्या ठेवते. पाण्याचा सर्वांगीण उपयोग करावा हाच ज्यांचा आग्रह होता, त्यांना आज हे उपयोग मोजायला सांगितले असते तर त्यांनी ते वगळले असते असे मला वाटत नाही. त्या काळी हे मोजण्याची विद्याच नव्हती, आज आहे. तेव्हा वाया गेलेले पाणी कोणते आणि कामी आलेले कोणते, हे नव्याने ठरविण्याची जबाबदारी आपल्या पिढीवर येते.

सरकारी नोकरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: ज्याला रकाना आहे त्याचीच चौकशी होते. म्हणून माझी मागणी लहान आहे. धोरणे ठरविणे माझ्या श्रेणीचे काम नाही. परंतु जलाशयाच्या रोजच्या तक्त्यात विजेच्या आणि कालव्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, 'सरोवराकडे'. त्यात काही दिवस शून्य लिहावे लागेल. हरकत नाही. लागोपाठ वीस दिवस शून्य लिहिले गेले, तर एकविसाव्या दिवशी कोणीतरी वरिष्ठ पेन्सिलीने त्याच्याभोवती वर्तुळ काढील. मोठमोठ्या सुधारणांची सुरुवात अशा वर्तुळांतून झालेली मी पाहिली आहे. हे मी आमच्या बडबाबूंना बोलून दाखविले. ज्यांचे गाव जलाशयाच्या तळाशी आहे अशा त्या गृहस्थाने चष्मा पुसला आणि मला एक कोरी टिप्पणी-पत्रिका दिली. मसुदा मी लिहिला, त्यांनी दोन जागी भाषा सौम्य केली, आणि तो वर गेला आहे. त्याचे काय झाले ते अद्याप खाली आलेले नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण अशाच कोणा परक्या नदीचे हिशेब ठेवीत असतील. कोणी भाक्रा-नांगलला, कोणी मणिपुरात लोकताकच्या काठी, कोणी दामोदरच्या खोऱ्यात. बदली होईल, आपण पुढे जाऊ, आणि त्या नदीचे नाव पुन्हा भूगोलाच्या पुस्तकात जाऊन बसेल. तोपर्यंत एखाद्या रविवारी, जमल्यास, तक्त्याच्या शेवटच्या आकड्याच्याही खाली जिथे ती नदी जाते तिथपर्यंत जाऊन यावे. जाताना बरोबर रिकामी पिशवी असू द्यावी. मासळी चांगली मिळते.